गाडीची पैंजणं

“बघ गो, मास्तरान गाडयेक पैंजणा घातल्यान!”

मालवणच्या मासळी बाजाराच्या तोंडाशी बसलेली एक मासेवाली शेजारणीला हे म्हणाली, तेव्हा त्या गाडीच्या मागच्या सीटवर मी बसले होते. बसले होते म्हणण्यापेक्षा सीटखाली सरकण्याच्या बेतात होते. गाडी जुनी, गोल पाठीची, बदामी रंगाची. पुढून पाहिली तर नुकतीच झोपेतून उठलेली वाटावी अशी. तिच्या चारही चाकांना त्या दिवशी चपलेच्या रबराची पांढरीशुभ्र कडी चिकटवलेली होती, आणि स्टिअरिंगमागे बसलेल्या गृहस्थांचा चेहरा, वरातीतल्या घोड्याला आपल्यालाच सगळे बघताहेत असं वाटावं, तसा झाला होता. जगात एकच वाईट गोष्ट घडली, ती म्हणजे गाड्यांच्या चाकांवरची पांढरी पट्टी गेली, बाकी सगळं चालवून घेता येईल, असं मनापासून मानणारा माणूस मला तरी एवढाच माहीत आहे. ते माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. मालवण त्यांना मास्तर म्हणतं, कारण ते शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. आणि ते स्वतः त्या गाडीला ‘बाय’ म्हणतात. घरात “बाय खंय आसा?” असा प्रश्न आला, की आत्या उठत नाही. तो प्रश्न आपल्यासाठी नाही, हे ती लग्नानंतर लवकरच शिकली.

मी पुण्यात वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. माझं काम कॉम्प्युटरवर कुठूनही होतं, म्हणून थोड्या दिवसांसाठी आत्याकडे आले ती राहूनच गेले. मुळात मी कमी बोलते. पुण्यात मी दोन भाषांमध्ये गप्प असायचे, मालवणात तिसरी मिळाली. आत्या पाहुण्यांना सांगते, “तिका समाजता सगळा, पण तोंडातसून भायर काढणा नाय.” आतोबांना मात्र माझ्या गप्प बसण्याचा फार आदर आहे. त्यांच्या मते जास्त शिकलेली माणसं अशीच असतात. शिवाय त्यांना ऐकणारं कोणीतरी हवं होतंच.

त्यांच्याकडून ऐकलेली पहिली गोष्ट म्हणजे हॉलमधल्या फोटोची. त्यांच्या लग्नाचा फोटो. आत्या खारेपाटणची, माझ्या बाबांची थोरली बहीण. लग्न लागल्यावर तिला मालवणला आणण्यासाठी आतोबांनी सावंतवाडीच्या एका डॉक्टरांची ही गाडी एका दिवसापुरती मागून घेतली होती. तेव्हा तिच्या चाकांना चार बोटं रुंद पांढरी पट्टी होती. फोटोत गाडी मालवणच्या घराच्या दारात उभी आहे, आतोबा छाती काढून कॅमेऱ्याकडे बघताहेत, आणि शालूतली आत्या मान खाली घालून एकटक पुढच्या चाकाकडे बघते आहे. “बघलंस?” आतोबा म्हणतात, “नवऱ्याकडे बघूक नाय. सासऱ्याकडे बघूक नाय. घराकडे बघूक नाय. चाकाकडे बघीत रवली! तेव्हाच माका कळला, हिका सौंदर्याची नजर आसा.” त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, की ही गाडी कधीतरी आपली करायची. पुढे डॉक्टरांनी ती विकायला काढली तेव्हा आतोबांनी घेतली. पण मधल्या वर्षांत टायर बदलले गेले होते. गाडी आली, पट्टी आली नाही. बायकोला जे आवडलं होतं नेमकं तेवढंच गाडीबरोबर मिळालं नाही, ही रुखरुख त्या माणसाने सगळा संसार होईपर्यंत जपली.

आता कोणाला वाटेल, पांढरी पट्टी तर हवी, लावावी. पण ड्रॉइंग मास्तरांच्या घरात पांढरा हा एक रंग नसतो. “हो आंबोळीचो पांढरो, ह्यात पिवळो आसा. हो खोबऱ्याचो, ह्यात जरा निळो मारता. माका व्हयो तो ताज्या पापलेटाच्या पोटाचो.” हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा बाजारात त्यांनी रंगाच्या दुकानातलं नमुन्याचं कार्ड खिशातून काढून पापलेटाच्या पोटाशी धरलं आणि ते उजेडात फिरवून फिरवून बघू लागले. मासेवालीने बराच वेळ सहन केलं. मग म्हणाली, “मास्तरांनु, घेवचा तर घेवा, नायतर बाजूक होवा. पापलेट काय साडी आसा, पदर बघूक?” आतोबांनी पापलेट घेतलं नाही, पण कार्डावर पेन्सिलीने बारीक खूण केली. घरी जेवायला त्या दिवशी बांगडा होता.

परदेशी बनावटीचे तसे टायर मिळतात, हे त्यांना ठाऊक होतं. मी एकदा मोबाइलवर त्यांचा भाव काढून दाखवला. आतोबांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितला. आत्या स्वयंपाकघरातून वाकून बघून म्हणाली, “तेंच्यावांगडा गाडी पण फुकट देतत काय?” त्यानंतर परदेशी टायरांचा विषय आमच्या घरात निघाला नाही आणि स्वदेशी प्रयोग सुरू झाले.

पहिला प्रयोग होडीच्या रंगाचा. जो रंग खाऱ्या पाण्यात टिकतो तो डांबरी रस्त्यावर का टिकू नये, असा त्यांचा बिनतोड मुद्दा होता. त्यांनी बंदरावरून, होड्या रंगवून उरलेला पांढरा रंग आणला आणि अंगणात पाट टाकून चारही चाकं अशी रंगवली, की येणारे-जाणारे थांबून बघायचे. पण होडी वाकत नाही, टायर वाकतो. कसालच्या रस्त्याला लागेपर्यंत रंगाचे पापड सुटायला लागले. येताना आम्ही रस्ता चुकलो असतो तरी ते तुकडे बघत बघत घरी पोचलो असतो. मग शिंपल्यांचा चुना डिंकात कालवून झाला. एका रात्रीच्या दवाने तो उतरला आणि सकाळी गाडी दुधाच्या थारोळ्यात उभी असलेली दिसली. शेजारचं मांजर मोठ्या आशेने आलं, वास घेतला, आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि निघून गेलं.

चपलेच्या रबराची कल्पना त्यानंतरची. कुडाळहून पांढऱ्या रबराची शीट आणून, फळ्यावर वर्तुळं काढायचा शाळेतला लाकडी कंपास माळ्यावरून काढून, त्यांनी चार कडी कापली आणि पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवली. बाजारापर्यंत सगळं ठीक होतं. परतताना गाडीने जरा वेग घेतला आणि एक कडं सुटून चाकाबरोबर फडफडायला लागलं. कोणीतरी कोंबडी पकडतंय असाच आवाज. मग ते उडालं, रस्त्यावरून उभंच्या उभं घरंगळत बाजाराकडे परत गेलं आणि नेमकं त्या मासेवालीच्या टोपलीला टेकून आडवं झालं. आतोबा गाडी थांबवून धावले. तोपर्यंत तिने ते दुमडून, त्याचे दोन वेढे करून, टोपलीखाली डोक्यावर ठेवून बघितलं होतं. “मास्तरांनु, तुमच्या बायचा ह्या पैंजण माझ्या चुंबळीक बरा आसा. टोचणा नाय.” मला वाटलं, आता भांडण होणार. आतोबांनी त्या कड्याकडे बाजाराच्या उजेडात नीट बघितलं आणि म्हणाले, “ठेव तुकाच. हो खोबऱ्याचो निघालो.” ती अजून ते वापरते. मला बघितलं की डोक्याकडे बोट दाखवून हसते, आणि मीही हसते. तिच्याशी माझी इतकी ओळख आहे.

गाडी सुरू करणं हाही आतोबांचा एक सोहळाच. आमच्याकडे काही चांगलं काम काढलं, की घरातला जाणता माणूस नारळ हातात घेऊन देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालतो आणि तो श्वास घ्यायला थांबला, की भोवतीचे सगळे “व्हय म्हाराजा!” म्हणतात. लोक हे लग्नाला करतात, जत्रेला करतात, आतोबा बाजारात जाताना करतात. बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून. “बा देवा म्हाराजा! आज ही जी आमची बाय दळण आणूक जाता हा, तिची बॅटरी, तिचो क्लच, तिचो रेडिएटर ह्या सगळ्यांची राखण कर रे म्हाराजा!” शेजारचा रिक्षावाला, आत्या, फाटकाशी थांबलेलं कोणीही, एका आवाजात म्हणणार, “व्हय म्हाराजा!” “वाटेत कोण उलटो इलो, तर तेका सुलटो कर रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” ही माणसं जमतात याला भक्ती हे एक कारण झालं. दुसरं असं, की गाऱ्हाणं संपल्यावर गाडी ढकलावी लागते. मीही उभी राहायचे, पण माझे फक्त ओठ हलायचे. गाडी सुरू झाली नाही की आतोबा डोळे उघडून मला म्हणायचे, “चेडवा, तुझा व्हय म्हाराजा देवाक पोचाक नाय.” रिक्षावाला म्हणायचा, “मास्तरांनु, तिचा इंग्रजीत पोचला असतला. देव अजून अर्थ लावता हा.”

एकदा मी आतोबांना विचारलं होतं, की गाऱ्हाण्यात क्लच आणि रेडिएटर कशाला सांगायचे, देवाला कळतंच ना. ते गंभीर झाले. “गाऱ्हाण्यात लपवून चालणा नाय. काय आसा ता खराखरा सांगूचा. चुकलेला, माकलेला, सगळा. मगेच तो बघता.”

या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं आता पुरे असं सांगितलं. आतोबांनी वाद घातला नाही, याचंच आम्हाला आश्चर्य वाटलं. गोव्यातल्या एका हॉटेलवाल्याला अशी गाडी बागेत ठेवायला हवी होती, पाहुण्यांनी शेजारी उभं राहून फोटो काढावेत म्हणून. दिवाळीनंतर तो येऊन नेणार असं ठरलं. त्या संध्याकाळी आतोबा फोटोखाली बसून म्हणाले, “जशी हाडलंय, तशी एकदा तिका म्हायेराक न्हेतलंय. पांढऱ्या पट्टेच्या चाकांर. रिक्षावालो चलयतलो, मी बाजूक बसान सांगतलंय. मगे गाडी जांव दे.” म्हायेर म्हणजे आत्याचं माहेर, आमचं खारेपाटण. आता मात्र ते प्रयोग करत नव्हते. मला म्हणाले, “चेडवा, खंय तरी गावतली गो ती पट्टी. शोध तू.” आवाज इतका साधा होता, की मला नाही म्हणता आलं नाही. तशी मी होही म्हणाले नाही.

शोधल्यावर कळलं, की टायर आणि रिम यांच्यामध्ये बसवायची पांढऱ्या रबराची तयार कडी मिळतात. हवा भरली की टायरच ती दाबून धरतो. चेन्नईचा एक दुकानदार ती विकत होता. आतोबांनी ताबडतोब फोन लावला, “हल्लो, आमची मुलगी इंग्लिशमें बात करेगी” असं सांगून मोबाइल माझ्या कानाला लावला आणि स्वतः हात बांधून कौतुकाने समोर उभे राहिले. पलीकडचा माणूस भराभर बोलत होता. मी “येस” म्हटलं. नंतर “नो” म्हटलं. मग “थँक यू” म्हणून फोन ठेवला. माझे कान तापले होते. आतोबा आत्याकडे वळून म्हणाले, “बघलंस? आपण एवढा बोललो असतो! इंग्रजीत किती थोडक्यात काम भागता.” काम काहीच झालं नव्हतं. मी माझ्या खोलीत जाऊन त्या दुकानदाराला मेसेज केले. लिहायला लागले की मी बरीच धीट असते. त्याच्याकडे शेवटचा एक संच पडून होता, त्यातल्या एका कड्यावर पिवळसर डाग होता, म्हणून तो कोणी घेत नव्हतं. आम्हाला परवडेल तो तेवढाच होता. मी मागवला.

तो येण्याची वाट बघत असतानाच्या एका दुपारी आत्या विळीवर नारळ खवत होती. मी फोटोकडे बघून तिला म्हटलं, “आत्या, तुला तेव्हा ती चाकं इतकी आवडली होती?”

विळी थांबली. आत्याने अंगणात डोकावून आतोबा लांब आहेत ना, ते बघितलं. “अगो, कसली आवडतत! माका गाडी लागली होती.”

मला आधी कळलंच नाही.

“खारेपाटणसून वळणाच वळणा. पोटात सकाळपासून अन्न नाय, त्यात त्या पेट्रोलाचो वास. उतारलंय तेव्हा मान वर केली असती, तर फोटोवाल्याच्या अंगारच… म्हणान खाली बघीत रवलंय. समोर ह्यांचा चाक होता, ता दिसला.” ती पदर तोंडाशी धरून हसायला लागली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या गाडीत बसताना तिच्या पदराच्या गाठीला नेहमी आल्याचा तुकडा असतो. आतोबा सगळ्यांना सांगतात, हिला प्रवासात आलं चघळायची आवड आहे.

“मग त्यांना सांगितलं का नाहीस?”

“पयल्या दिवशी नव्या घोवाक काय सांगतलंय, तुमच्या गाडयेन माका मळमळला? मगे तेंनी गाडीच घेतल्यानी. मगे कसा सांगूचा? माझ्यासाठी घेतल्यानी ना ती.” ती पुन्हा खवायला लागली. जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, “गाडी जावच्या आदी एकदा तेंका सांगूक व्हया. पण माझ्या तोंडातसून येवचा नाय ता. कोणाच्या तरी येवक व्हया.”

 माझ्यापाशी ठेवलेली गोष्ट कुठे जात नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

कडी आली. आतोबांनी खोकं उघडलं, एक कडं बाहेर काढून अंगणात नेलं, उन्हात धरलं, सावलीत धरलं. मी दारात उभी राहून निकालाची वाट बघत होते. त्यांनी खिशातून ते नमुन्याचं कार्ड काढून पेन्सिलीच्या खुणेशी रंग ताडून बघितला. मग हळूच म्हणाले, “पापलेटाचो.” नंतर डाग असलेलं कडं हातात आलं, तेव्हा त्यांनी टूथपावडर आणि जुना ब्रश घेऊन ते घासायला सुरुवात केली. डाग फिका झाला, गेला नाही. कडी बसवताना टायरवाल्याला त्यांनी बजावून सांगितलं, की हे चाक उजवीकडे मागे. आत्या डावीकडे बसते. तिच्या बाजूला चढताना-उतरताना डाग दिसता कामा नये. तिथून पुढे रोज सकाळी आधी चाकांचे दात घासले जायचे, मग आतोबांचे.

निघायच्या दिवशी आत्याने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पदराला गाठ होती. बाय अंगणात उभी होती, आणि खोटं कशाला सांगू, सुंदर दिसत होती. कोवळ्या उन्हात त्या चार पांढऱ्या वर्तुळांमुळे ती जमिनीपासून जराशी उचलल्यासारखी वाटत होती. मासेवाली टोपली घेऊन मुद्दाम वाट वाकडी करून आली होती, तेच कडं डोक्यावर ठेवून. “आता शोभता,” ती म्हणाली. “ह्या माझा काय ता खोबऱ्याचा होता.” रिक्षावाला स्टिअरिंगशी बसण्याआधी हात जोडून उभा राहिला. आतोबांनी नारळ घेतला, बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा!” ते म्हणाले.

आणि थांबले. आम्हाला वाटलं, शब्द जुळवताहेत. रिक्षावाल्याने उगाच एक “व्हय म्हाराजा” म्हणून टाकलं. आतोबांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. बॉनेटवरचा हात तेवढा मागे-पुढे फिरत होता, वर्गातलं मूल रडत असलं की त्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. आत्या त्यांच्याकडे बघत होती. रिक्षावाला जमिनीकडे बघायला लागला. अर्धवट गाऱ्हाणं टाकून कोणी निघत नाही, आणि पुरं केल्याशिवाय ती गाडी हलणार नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग आतोबांनी डोळे न उघडताच नारळ बाजूला धरला. त्या बाजूला मी होते.

नारळ मी घेतला तो पडेल म्हणून. तो हातात आल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले, मासेवालीसुद्धा टोपली सावरत. माझ्या तोंडून आवाज आला तेव्हा तो माझा आहे हे मलाच जरा उशिराने कळलं, आणि तो पुण्याचा नव्हता.

“बा देवा म्हाराजा! आज ही आमची बाय खारेपाटणाक जाता हा, तिच्या चाकांची ही पांढरी पट्टी वाटेत सुटू देव नको रे म्हाराजा! गाऱ्हाण्यात लपवून चालणा नाय, म्हणान सांगतंय. लग्नाच्या दिवशी आमची आत्या ह्या चाकांकडे बघी नव्हती. तिका गाडी लागली होती. ती रोजच लागता. तरी आजपर्यंत एक दिवस ती ह्यांच्या बाजूक बसाक नको म्हणाक नाय, ता तू बघलंस, म्हाराजा. आता आजचो एक दिवस तरी तिका गाडी लागू देव नको रे म्हाराजा!”